शुगर किती खाली आणायची, आणि कुणाची?

मागच्या वर्षी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाच-सव्वापाचला आतेभावाचा फोन आला, आई काहीतरी विचित्र बोलतीये, घामाने गाऊन भिजलाय, अंग गार पडलंय, लवकर ये. माझं मेडिकल आहे, घराच्या खालीच, त्यामुळे नातेवाईकांत मी अर्धा डॉक्टर समजला जातो (मी डी.फार्म आहे, डॉक्टर अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवतो). ग्लुकोमीटर उचलला, जाता जाता ग्लुकोज पावडरचा डबा घेतला आणि पळालो. आत्या ७६ वर्षांची. मला बघून तिने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली, वडील जाऊन नऊ वर्षं झालीत. बोट टोचायला गेलो तर हात झटकून टाकला. कशीबशी सुई लागली, आकडा आला ४१, म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली.

आदल्या दिवशी तिने दुपारी वाटीभर भगर आणि दोन चहा एवढ्यावर एकादशी केली होती. आणि रात्रीची डायबेटिसची गोळी मात्र नेमाने घेतली, कारण गेली बारा वर्षं तिला सगळ्यांनी एकच सांगितलंय, आत्या काही झालं तरी गोळी चुकवायची नाही. वहिनीने मी यायच्या आधी साखरेचं पाणी पाजलं होतं, पण फरक नव्हता. तो का नव्हता ते पुढे सांगतो, कारण ते मला स्वतःला कळायला हवं होतं आणि त्या क्षणी पटकन आठवलं नाही. ग्लुकोज दिल्यावर वीस मिनिटांनी ७८ झाली, मग दवाखान्यात नेलं, एक दिवस ठेवून घेतलं कारण ही गोळी अंगात बराच वेळ काम करत राहते आणि शुगर परत खाली जाऊ शकते.

आता यातली खरी गंमत (गंमत कसली) ऐका. त्याच्या दोन आठवडे आधी आत्याच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट आला होता, ६.३ (हा आकडा टक्क्यांत असतो, बोट टोचून येणाऱ्या आकड्यापेक्षा वेगळा). आमच्या फॅमिली ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले होते. मीपण टाकला होता एक.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की म्हाताऱ्या माणसाची शुगर तरुणाच्या आकड्यावर आणायचा जो हट्ट आपण सगळे, डॉक्टर, लॅब, मुलंबाळं आणि आम्ही मेडिकलवाले मिळून करतो, तो चुकीचा आहे आणि तो चुकीचा आहे हे कळून जवळजवळ अठरा वर्षं झालीत. माहिती आहे. ती खाली पोचत नाही.

कधी कळलं? फेब्रुवारी २००८ मध्ये. अमेरिका आणि कॅनडात अकॉर्ड नावाची एक मोठी ट्रायल चालू होती, १०,२५१ पेशंट, सगळे टाइप टू वाले, सरासरी वय ६२, डायबेटिस होऊन सरासरी दहा वर्षं झालेली, आणि बहुतेकांना हार्टचा आजार आधीच असलेला किंवा व्हायची शक्यता जास्त. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची एचबीएवनसी म्हणजे आपली तीन महिन्यांची सरासरी शुगर ६ च्या खाली आणायची, दुसऱ्याची ७ ते ७.९ मध्ये ठेवायची. सगळ्यांची अपेक्षा काय असणार, कमी शुगरवाले जास्त जगतील. झालं उलटं. साडेतीन वर्षांत कडक कंट्रोलवाल्या गटात २५७ मृत्यू, ढिल्या गटात २०३. तो भाग मुदतीच्या आधीच थांबवावा लागला. आणि शुगर एवढी खाली गेली की दुसऱ्याची मदत घ्यावी लागली असे पेशंट कडक गटात १६ टक्के, दुसऱ्या गटात ५ टक्के. कडक गटातल्या चौथाई लोकांपेक्षा जास्त जणांचं वजन दहा किलोच्या वर वाढलं ते वेगळंच.

हे वाचून लगेच "बघा मी म्हणत होतो ना, गोळ्याच माणसाला मारतात" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना जरा थांबवतो. जास्तीचे मृत्यू शुगर लो झाल्यानेच झाले असं नंतरच्या अभ्यासातसुद्धा सिद्ध झालेलं नाही, नक्की कारण काय ते अजून वादात आहे. शिवाय त्याच वर्षी अ‍ॅडव्हान्स नावाच्या दुसऱ्या ट्रायलचा निकाल आला, ११,१४० पेशंट, तिथे शुगर हळूहळू ६.५ पर्यंत आणली आणि मृत्यू वाढले नाहीत, किडनीला थोडा फायदाच झाला. फक्त हार्ट अटॅक आणि स्ट्रोक काही कमी झाले नाहीत, आणि शुगर लो होण्याचे गंभीर प्रकार मात्र तिथेही वाढले. म्हणजे गोळी विष आहे असा अर्थ यातून निघत नाही. निघतो तो असा की आजार जुना, वय झालेलं, हार्ट नाजूक, अशा माणसाची शुगर घाईघाईने आणि ओढूनताणून नॉर्मलला आणण्यात फारसं कमवायचं काही नसतं आणि गमवायचं बरंच असतं.

आणि याच्याच दुसऱ्या बाजूला ब्रिटनमधली यूकेपीडीएस. ती १९७७ ला सुरू झाली, निकाल १९९८ ला. तिथे पेशंट कसे होते, तर नुकताच डायबेटिस निघालेले, सरासरी वय ५३ च्या आसपास. त्यांच्यात ७.९ च्या ऐवजी ७ ठेवल्याने डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले. ट्रायल संपल्यावर दोन्ही गटांची शुगर वर्षभरातच सारखी झाली, पण दहा वर्षांनी पाहिलं तर सुरुवातीला नीट कंट्रोल ठेवलेल्यांना फायदा तरीही मिळतच होता, हार्ट अटॅकसुद्धा कमी. म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने आज शुगर सांभाळली तर पासष्टीत त्याला व्याज मिळतं. पण पंच्याहत्तरीत नव्याने एफडी उघडून वीस वर्षांचं व्याज मागण्यात काय अर्थ आहे? शुगर कमी ठेवण्याचा फायदा यायला वर्षंच्या वर्षं लागतात, शुगर लो होण्याचा तोटा मात्र आज रात्री बाथरूमला जाताना होतो.

आमच्या काउंटरवर हे रोज दिसतं आणि उलटंच दिसतं. पंचेचाळीसचा रिक्षावाला येतो, शुगर साडेदहा, त्याला पाच दिवसांच्या गोळ्या हव्यात, पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. त्याच्या मागे सत्तरीच्या आजींचा नातू, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, डॉक्टरांनी डोस वाढवलाय कारण सात आली होती. ज्याला कडक कंट्रोल पाहिजे तो मोकळा आणि जिला थोडी मोकळीक पाहिजे ती करकचून बांधलेली.

आक्षेप मला माहितीये, आणि तो खोटा नाही. आपल्याकडे मूळ प्रॉब्लेम शुगर जास्त असण्याचा आहे, कमी असण्याचा नाही. आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) इंडियाब सर्व्हेने २०२३ मध्ये सांगितलं की देशात दहा कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे, मोठ्या माणसांत ११.४ टक्के. त्याच सर्व्हेतून हेही निघालं की ज्यांना आहे त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश लोकांची शुगर कंट्रोलमध्ये आहे, आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तिन्ही जागेवर असलेले फक्त ७.७ टक्के. मग अशा देशात "शुगर फार खाली आणू नका" म्हणणं म्हणजे दुष्काळात पुराची भीती घालणं, असं मला एका डॉक्टरांनीच सुनावलं. त्यांचं म्हणणं असं की बारीकसारीक सांगत बसलो तर लोक सोयीचं तेवढं ऐकतात, सात चालेल म्हटलं की नऊवर जातात, म्हणून सगळ्यांना एकच दटावणी बरी.

मला हे पटत नाही. एकतर दुष्काळ एका गावात आणि पूर दुसऱ्या गावात एकाच वेळी असू शकतो, सांगली आणि जत बघा की, एकाच जिल्ह्यात. सरासरीचा आकडा घेऊन सगळ्यांना एकच सल्ला देणं हे मुळात त्या संशोधनाच्याच विरोधात आहे, कारण एवढ्या सगळ्या ट्रायल करून जे हाताला लागलं ते हेच की माणूस बघून आकडा ठरवा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या गाइडलाइन्समध्ये म्हाताऱ्यांसाठी वेगळं प्रकरण असतं: धडधाकट ज्येष्ठांना ७ ते साडेसातच्या खाली, तीन-चार आजार किंवा थोडा विसराळूपणा असेल तर ८ च्या खाली चालेल, आणि फारच थकलेल्या माणसाच्या बाबतीत एचबीएवनसीच्या मागेच लागू नका, शुगर लो होऊ देऊ नका आणि फार चढून त्रास होऊ देऊ नका, बास. दुसरं म्हणजे पेशंट अडाणी आहे असं धरून त्याला अर्धवट सांगायचं ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिची किंमत आत्यासारखे आज्ञाधारक पेशंटच मोजतात. जे ऐकत नाहीत त्यांना काहीच होत नाही, म्हणजे होतं, पण वेगळं होतं.

आता गोळीकडे येतो, कारण ते माझं क्षेत्र. ग्लिमेपिराइड. आपल्याकडे डायबेटिसच्या चिठ्ठीत मेटफॉर्मिनच्या जोडीला बहुतेक वेळा हीच असते, स्वस्त आहे, काम चोख करते. कशी, तर स्वादुपिंडाला ढोसून इन्शुलिन काढायला लावते. तुम्ही जेवलात का नाही हे ती बघत नाही. जेवलात तर ठीक, नाही जेवलात तरी ती आपलं काम करणारच. यातली जुनी मोठी बहीण म्हणजे ग्लिबेनक्लामाइड, ती तर किडनी थकलेल्या माणसात साठत जाते, डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिच्याबद्दल स्पष्ट लिहिलंय की साठीच्या पुढे नको. तरी मेटफॉर्मिनबरोबरच्या तिच्या गोळ्या अजून विकल्या जातात, आणि घेणारे बरेचसे साठीच्या पुढचेच असतात, मीच विकलेल्या आहेत.

ग्लिमेपिराइडवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. २०१९ मध्ये कॅरोलिना नावाच्या ट्रायलचा निकाल आला, सहा हजारांवर पेशंट, ग्लिमेपिराइड विरुद्ध लिनाग्लिप्टिन ही डायबेटिसचीच नव्या जातीची गोळी. हार्टच्या बाबतीत दोन्ही सारख्याच निघाल्या, म्हणजे ग्लिमेपिराइड हार्टला वाईट ही भीती बरीचशी गेली. पण शुगर लो होण्याचं प्रमाण बघा, लिनाग्लिप्टिनवर १०.६ टक्के लोकांना कधी ना कधी झालं, ग्लिमेपिराइडवर ३७.७ टक्के. शंभरातल्या अडतीस जणांना! आणि हे ट्रायलमधले पेशंट, ज्यांच्यावर लक्ष ठेवायला माणसं असतात, फोन येतात.

आमच्या काउंटरवर हे अडतीस जण कधी "शुगर लो झाली" म्हणत नाहीत. ते म्हणतात रात्री दचकून जाग येते, सकाळी डोकं जड असतं, चार वाजता हातपाय कापतात मग बिस्किट खाल्लं की बरं वाटतं, हल्ली आई फार चिडचिड करते, बाबा परवा बेसिनपाशी पडले. बीपीची काही औषधं, मेटोप्रोलॉल वगैरे, घेत असतील तर धडधड आणि थरथर ही धोक्याची घंटाच वाजत नाही, उरतो फक्त घाम. आणि वय झालं की मेंदूच आधी गोंधळतो. घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. मग विसरण्यावरची एक गोळी सुरू, चक्करेवरची एक सुरू. मी अशा चिठ्ठ्या बघितल्या आहेत जिथे पाच नंबरची गोळी ही एक नंबरच्या गोळीने केलेला त्रास निस्तरायला आलेली असते.

आणि साखरेचं पाणी का चाललं नाही ते. आत्याची गोळी तीन-एकात-एक होती, ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. हे व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडणारी यंत्रणाच मंद करतं, जेवणानंतरची शुगर एकदम चढू नये म्हणून. त्यामुळे घरातली साखर, गूळ, पेढा, लाडू दिला तर तो लवकर फुटतच नाही, रक्तात यायला वेळ लागतो. अशा पेशंटला थेट ग्लुकोज पावडरच लागते. भारतात या तिहेरी गोळ्या मुबलक विकल्या जातात, आणि त्या घेणाऱ्या किती घरांत ही गोष्ट माहिती असेल? मी गेल्या वर्षभरात माझ्याकडच्या अशा गिऱ्हाइकांना विचारत सुटलोय. एकालाही माहिती नव्हती. एकालाही! सगळ्यांनी खिशात खडीसाखर किंवा चॉकलेट ठेवलेलं. (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीच घालू नका, ग्लुकोजपण नाही, सरळ दवाखाना.)

ही माहिती कुठे असते? खोक्यातल्या कागदावर. दहा पट्ट्यांच्या खोक्यात एक कागद, चौदा घड्या घातलेला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात. पेशंट घेतो एक पट्टी, कधी अर्धी कापून. कागद राहतो आमच्याकडे, आणि त्याची मागची बाजू कोरी असेल तर आम्ही त्यावर उधारी लिहितो. खरं सांगतोय. लाखो लोकांवर कोट्यवधी खर्च करून जे धोके शोधले ते माझ्या उधारीच्या मागच्या बाजूला छापलेले असतात.

सरकारचं काय म्हणाल तर त्याची तऱ्हा आम्ही २०१३ ला बघितली. पायोग्लिटाझोन नावाची डायबेटिसचीच गोळी, मूत्राशयाच्या कॅन्सरचा संशय म्हणून जूनमध्ये अचानक बंद, आम्ही माल परत पाठवायची यादी करतोय तोवर जुलैअखेर बंदी उठली, अट काय तर खोक्यावर आणि कागदावर धोक्याची सूचना छापा. परत कागद. २०१६ ला ३४४ एकत्रित औषधांवर बंदी, ती हायकोर्टात उडाली, सुप्रीम कोर्टाने प्रकरण तज्ज्ञांकडे पाठवलं, सप्टेंबर २०१८ ला परत ३२८ वर बंदी आली. बंदी योग्य का अयोग्य हा वेगळा वाद आहे, पण या सगळ्या भानगडीत जो माणूस ती गोळी रोज सकाळी गिळत होता त्याला कुणी बोलावून सांगितलं का, की तुझी गोळी का बंद झाली, का परत आली, तुला काय धोका होता? त्याला आम्ही सांगितलं, "ती येत नाही आता, ही घ्या, सेमच आहे."

आता थोडं संशोधनावरच बोलतो. अकॉर्ड अमेरिकेतली, यूकेपीडीएस ब्रिटनमधली. आपली शरीरं तशी आहेत का? पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की आपण वरून बारीक आणि आतून चरबीवाले. त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशोबाने वजन) सारखाच, २२.३, पण ब्रिटिश माणसाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एवढा फरक असेल तर औषध किती, आकडा किती, हे आपल्या सत्तरीच्या माणसांवर आपण तपासायला नको का? औषध कंपन्या आपल्याकडे ट्रायल करतात, पण त्यांना नवीन गोळी विकायची असते. जुनी गोळी कमी केली तर काय होतं, हे तपासण्यात कुणाचा धंदा आहे? तो खर्च सरकारनेच केला पाहिजे, आयसीएमआरने केला पाहिजे. मी तर म्हणतो नवीन औषधाच्या दहा ट्रायलमागे एक तरी "ही गोळी काढली तर चालेल का" अशी ट्रायल हवी.

उपासाचंच घ्या. रमजानच्या रोज्यांवर २००१ मध्ये तेरा देशांतल्या मुस्लिम पेशंटांचा मोठा अभ्यास झाला, एपिडायर नावाचा, त्यात दिसलं की टाइप टू वाल्यांमध्ये शुगर गंभीररीत्या लो होण्याचं प्रमाण रोज्यांच्या महिन्यात साडेसात पटीने वाढतं. त्यानंतर रमजानसाठी रीतसर गाइडलाइन्स आल्या, कुणी रोजा धरावा, कुणी धरू नये, कुठली गोळी सेहरीला कमी करायची, कुठली इफ्तारला घ्यायची, सगळं तक्ता करून. आमच्या गल्लीतले चाचा रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या बदलून आणतात. आणि आमच्या आत्या? महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी, सोमवार, श्रावण, नवरात्राचे नऊ दिवस. हे सगळे उपास काही एकसारखे नाहीत, कुणी निर्जळी करतं, कुणी दोन वेळा साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस चापतं, म्हणजे एकीची शुगर ४१ आणि दुसरीची ३४०, एकाच एकादशीला. रमजानच्या तोडीचं काम या उपासांवर का होऊ नये? वारीत अठरा-वीस दिवस म्हातारी माणसं उन्हापावसात चालतात, रोज पंधरा-वीस किलोमीटर, गोळी घरच्या डोसची. वारीत फिरते दवाखाने असतात, मलमपट्टी होते, छान काम आहे, पण निघायच्या आधी "माउली, चालायच्या दिवसांत ही गोळी अर्धी करा" हे कोण सांगतं?

आणि तो आकडा तरी सगळ्यांचा खरा असतो का. एचबीएवनसी हिमोग्लोबिनवर मोजतात. लोह कमी असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बायकांत ते कमी असतंच, तर आकडा उगाच जास्त दिसू शकतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, गडचिरोली-चंद्रपूर-नंदुरबारकडे आदिवासी भागात जो बराच आढळतो, तर आकडा फसवा कमी येऊ शकतो. लॅबच्या रिपोर्टवर यातलं काही नसतं. तिथे असतो एक ठळक आकडा, त्याच्यासमोर एच, म्हणजे हाय, आणि खाली एक तक्ता, ५.७ च्या आत नॉर्मल. वय वीस असो की नव्वद, तक्ता तोच. मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून तो पीडीएफ उघडतो, लाल एच बघतो आणि आईला फोन करतो, पुरणपोळी खाल्लीस ना. आई डॉक्टरांना सांगते, मुलगा रागावतो हो, डोस वाढवून द्या. डॉक्टर बिचारा काय करणार, बाहेर पंचवीस जण बसलेत, डोस वाढवायला दहा सेकंद लागतात आणि तो का वाढवत नाही हे समजावायला पंधरा मिनिटं. शिवाय उद्या काही झालं तर "डॉक्टरांनी शुगर वाढू दिली" असंच म्हणणार ना सगळे, शुगर लो होऊन पडली तर मात्र म्हणतात वय झालं होतं.

नवीन गोळ्यांनी हा प्रश्न सुटेल असं काही जण म्हणतात. थोडा सुटेल. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि एका रात्रीत माझ्या शेल्फवर तिच्या इतक्या कंपन्या आल्या की नावं पाठ होईनात, किंमत तर धाडकन खाली. तिने एकटीने शुगर सहसा लो होत नाही, हार्ट-किडनीला फायदा आहे, म्हणजे "ग्लिमेपिराइडच परवडते" ही सबब आता बरीचशी संपली. पण तिलाही आपले धोके आहेत, लघवीच्या जागी बुरशी, पाणी कमी होणं, आणि उपाशी राहिलं किंवा उलट्या-जुलाब झाले तर क्वचित रक्तात आम्ल साठणं, तेही शुगर फार वाढलेली नसताना, त्यामुळे पटकन ओळखूच येत नाही. म्हणजे एकादशी तिलाही आहेच. आणि माझ्या काउंटरवर काय होतंय म्हणाल तर ही नवी गोळी जुन्याच्या जागी येण्याऐवजी जुन्याच्या वर चढतेय. काढत कुणी काहीच नाही.

मग काय पाहिजे? माझ्या मागण्या अगदी दुकानदारी छाप आहेत. चिठ्ठीवर गोळ्यांच्या वर पेशंटचं टार्गेट लिहा, "हिच्यासाठी साडेसात ते आठ", एवढं लिहिलं तरी मुलाचा फोन बंद होईल. लॅबवाल्यांनी पासष्टीच्या पुढच्या माणसाच्या रिपोर्टवर एक ओळ मराठीत छापावी की तुमचं टार्गेट वेगळं असू शकतं, डॉक्टरांना विचारा. शुगर लो करू शकणाऱ्या गोळीच्या पट्टीवर, खोक्यात नाही, पट्टीवर, तसं लिहायची सक्ती करा. सरकारी एनसीडी (डायबेटिस-बीपीसारख्या आजारांच्या) क्लिनिकमध्ये शुगर किती वाढली हे जसं लिहून घेतात तसं शुगर लो झाली का, पडलात का, हेही लिहून घ्या. आणि औषधाचा त्रास कळवायला सरकारची २०१० पासून यंत्रणा आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम, १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर, पेशंटसाठी मराठीत फॉर्मसुद्धा आहे. इतकी वर्षं दुकान चालवून मी स्वतः किती त्रास कळवले? आत्याचा धरून एक.

जुन्याच चिठ्ठीवर परत परत गोळ्या देण्याचं, आमच्या भाषेत रिपीटचं, पण कबूल करून टाकतो. आत्याची ती चिठ्ठी २०१९ ची होती. तेव्हा तिचं वजन ६८ होतं, आता ५४. दोन वेळा जेवण व्हायचं, आता एक वेळ आणि रात्री दूध. चिठ्ठी तीच, डोस तोच, आणि दर महिन्याला पिशवी भरून देणारा मी. चिठ्ठीची तारीख मी बघत नव्हतो असं नाही, घरचंच माणूस म्हणून सोडून देत होतो. एवढी वर्षं जो आकडा ६.३ म्हणून आम्ही मिरवत होतो तो तिच्या कमी झालेल्या भुकेचा आकडा होता.

(कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद केली तर कृपा करून माझं नाव सांगू नका. डॉक्टरांना विचारा. इन्शुलिनवाल्यांनी तर नक्कीच.)

आता तिची तिहेरी गोळी गेली, ग्लिमेपिराइड पूर्ण बंद आहे, दोन साध्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात "टार्गेट ८ च्या आत" असं लिहून दिलं, मीच मागे लागून लिहून घेतलं. यंदाच्या आषाढीला तिने एकादशी सोडली नाही, ती सोडणारच नव्हती, पण आठ दिवस आधी विचारून आली, दुपारी भगर-आमटी, संध्याकाळी रताळं आणि दूध. रात्री नऊला मी शुगर बघितली, १६८ आली. फोटो काढून ग्रुपवर टाकला.

पहिला मेसेज आतेभावाचा आला, "जास्त नाहीये का ही?"